घरचं वाक्य

“साहेब, परराष्ट्रमंत्री दिवसभर नक्की करतो तरी काय?”

तोंड माझं होतं, पण प्रश्न ढोल आणि पेन्सिलचा होता. ढोल हसली की शेजारच्या वर्गातल्या बाई खिडकीतून डोकावतात, आणि पेन्सिल इतकी किडकिडीत आहे की पंखा लावला की आम्ही तिला बाकाला धरून बसायला सांगतो. या दोघींनी मला पैजेवर चढवलं होतं. मंत्र्यांना हे विचारून दाखव, नाहीतर परीक्षेपर्यंत आमच्या पाण्याच्या बाटल्या तू भरायच्या. आमच्या शाळेत पिण्याच्या पाण्याचा नळ मुलांच्या मुतारीला लागून आहे. तिथला वास ज्याने एकदा घेतलाय, त्याला मी प्रश्न का विचारला हे वेगळं सांगायला नको.

मंत्री आमच्या शाळेला भेट देणार म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी मला तसा दुसराच प्रश्न दिला होता. “आपल्या यशाचं रहस्य काय?” तो माझ्याकडून घोटूनही घेतला होता. पण गेल्या वर्षीची मी वेगळी होते, ती हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा पुटपुटायची. या वर्षी मी केस कापले, वादविवादात वरच्या वर्गातल्या एका शिष्ट मुलाला घाम फोडला, आणि मला माझाच आवाज आवडायला लागला. इतका चांगला आवाज यशाच्या रहस्यावर कोण वाया घालवेल?

मुख्याध्यापिकाबाई पांढऱ्याफटक पडल्या. मागून ढोलचा “मेलीस!” असा आवाज आला.

मंत्री मात्र हसले. टीव्हीवर दिसतात त्यापेक्षा ते बुटके होते आणि बरेच गुबगुबीत, नुकतंच तेल लावून पुसलेल्या बाळासारखे. ते माईक घेऊन मंचाच्या कडेला आले.

“सरकार म्हणजे एक घर समज,” ते म्हणाले. “पंतप्रधान घरातले कर्ते. अर्थमंत्र्यांकडे कपाटाच्या किल्ल्या. आणि मी दारात उभा राहतो. घरात काय ठरलंय ते शेजाऱ्यांना सांगतो, शेजारी काय म्हणतायत ते घरात सांगतो. घरात ठरवणारा मी एकटा नाही, पण दारात बोलणारा मीच. आणि आपलं कुणी बाहेर अडकलं, तर त्याचा हात धरून त्याला घरात आणणं, हेही माझंच काम.”

टाळ्या! मीसुद्धा वाजवल्या. इतकं छान उत्तर आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कुठेच नाही. पैज जिंकून मी खाली बसणार, तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या माऊने मान खाली घातलेली मला दिसली.

माऊ पैजेत नव्हती. हल्ली ती कशातच नसते. तिचे बाबा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहेत. इंजिन बंद पडून त्यांचं जहाज वाहत वाहत शेजारच्या देशाच्या हद्दीत गेलं, आणि तेव्हापासून त्या देशाने ते बंदराबाहेर नांगर टाकून उभं केलंय. माणसांना खाली उतरू देत नाहीत. रविवारी थोडा वेळ फोन लागतो. आधी बाबा म्हणायचे, पाण्याला गंज चढलाय पण चहात कळत नाही. मग त्यांच्या पायावर उकळतं पाणी सांडलं. त्यांना साखरेचा आजार आहे, जखम भरेना. परवाच्या रविवारी मागून दुसरा खलाशी ओरडला होता, “वहिनी, पायाला वास येतोय, हे तुम्हाला सांगत नाहीत!” माऊने हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी जिन्यात बसलो होतो, आणि तिने सांगता सांगता आपल्या नाकावर हात धरला होता, जणू तो वास फोनमधून आला होता.

म्हणून मी खाली बसले नाही.

“साहेब, मग हिच्या बाबांना कधी आणताय? त्या जहाजावर आहेत ते.”

हे पैजेत नव्हतं. मंत्र्यांनी पहिल्या रांगेतल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि चक्क पायऱ्या उतरून आमच्या रांगेत आले. त्यांनी माऊचा गाल हातात धरला. “पुढच्या आठवड्यात त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री आपल्याकडे येतायत, बाळ. बैठकीत पहिला विषय तुझ्या बाबांचा. शब्द देतो.” माऊ रडायला लागली. बाई रडायला लागल्या. ढोलसुद्धा रडली, आणि ती रडते तेव्हाही ढोलच असते.

मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे बोट करून लगबगीने सांगितलं की, ही मुलगी आपल्या मंत्रालयातल्या दुभाषीबाईंची. “अरे वा, आमच्या बाईंची मुलगी! तरीच जीभ चालते,” मंत्री म्हणाले. “पाहुण्यांना फुलं हीच देईल.” त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा तळवा गार आणि ओलसर होता, फ्रीजमधून काढलेल्या कणकेसारखा. पण मी तेव्हा इतकी फुशारले होते की मला तो मखमली वाटला.

मग ते निघाले. मी जिन्याच्या कठड्यावरून वाकून त्यांची गाडी बघत होते. खाली, जिथे कॅमेरे नव्हते, तिथे त्यांनी मागे न बघता हात मागे केला. मागच्या माणसाने त्यावर ओला कागदी रुमाल ठेवला. मंत्र्यांनी बोट न् बोट पुसलं, नखांच्या कडा पुसल्या, दुसरा रुमाल मागितला, पुन्हा पुसलं. आणि ते बोळे आमच्या खास सजवलेल्या कुंडीत टाकले. नंतर मी खाली जाऊन पाहिलं, तर दुसऱ्या बोळ्यावर माऊच्या गालाला लावलेली पावडर होती.

शी. मी मनात म्हटलं, जाऊ दे, मोठी माणसं, हजार जणांना हात लावतात, जंतू असतात. समजूत घालायला मला कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या दिवशी मी त्यातही पहिली आले.

*

माझी आई मंत्रालयात दुभाषी आहे. त्या शेजारच्या देशाची भाषा तिच्याइतकी चांगली दुसऱ्या कुणाला येत नाही. आपले मंत्री बोलले की ती त्यांच्या भाषेत बोलते, त्यांचे बोलले की आपल्या. बैठकीत काय झालं ते ती घरी कधीही सांगत नाही. आम्ही विचारायचंही नाही. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि ते म्हणतात, “लग्नाला इतकी वर्षं झाली, हिच्या पोटातलं वाचायला अजून भिंग सापडलं नाही.”

पण आईची एक सवय आहे. बैठकीच्या आधी ती शब्द घोकते. ज्या विषयावर बोलणं होणार, त्या विषयाचे शब्द तिला मंत्रालयातून आधी कळवतात, म्हणजे ऐन वेळी अडखळायला नको. आणि ती घोकते ती स्वयंपाकघरात, मोठ्याने, कांदा परतता परतता. लहानपणापासून ओट्यावर पाय हलवत बसून मी ते ऐकत आले, त्यामुळे मलाही ती भाषा येते. माझ्या पद्धतीची येते, फोडणीचा वास लागलेली, पण येते. आई म्हणते, तुझे उच्चार माझ्यापेक्षा मोकळे आहेत. हे ती मला एकदाच म्हणाली आणि मी ते रोज आठवते.

त्या आठवड्यात आई घोकत होती: संत्री. संत्र्यावरची बुरशी. शीतगृह. पेटी. पूल. पुलाचे खांब. नदीतला गाळ. पुन्हा बुरशी.

“आई, ‘खलाशी’ला त्यांच्यात काय म्हणतात?”

“डबा धुतलास का?”

“आणि ‘सुटका’? ‘सुटका’ला?”

आईने गॅस बारीक केला. “मला जेवढं सांगितलंय तेवढंच मी घोकते. बाकीचं मला आधीपासून येतं.”

“म्हणजे खलाशांचं तुला आधीपासून येतं, म्हणून घोकत नाहीयेस. हो ना?”

“डबा,” आई म्हणाली.

मी डबा धुतला आणि ‘हो’ असं उत्तर मिळालंय असं धरून चालले. जहाज, खलाशी, बाबा, घरी: हे शब्द मी मग स्वतःच आठवून आठवून जुळवले. आंघोळ करताना म्हणून पाहिले. बाहेरून बाबा ओरडले, “कुणाशी करार चाललाय? पाणी संपतंय!”

*

बैठकीचं ठिकाण म्हणजे सरकारी अतिथीगृह. बाहेरून केकसारखं, आतून दवाखान्यासारखं. आम्हाला, म्हणजे फुलंवाल्या चार मुलींना, सकाळीच नेऊन बसवलं. फोन काढून घेतले. तिथल्या व्यवस्थेचा प्रमुख एक वाळका माणूस होता. त्याच्या खिशातून मोजपट्टीची टेप लोंबत होती, म्हणून आम्ही त्याचं नाव टेपकाका ठेवलं. टेपकाका दोन्ही मंत्र्यांच्या खुर्च्यांची उंची मोजत होता. आपली खुर्ची जराशी बुटकी भरली. लगेच गादीखाली पुठ्ठा घातला. मग पाहुण्यांचा माणूस आला, त्याच्याकडेही टेप! त्याने मोजलं, तोंड वाकडं केलं, पुठ्ठा काढायला लावला. शेवटी दोघांनी मिळून दुसऱ्या खुर्चीचे पाय घासून घेतले. खरंच. सुतार आला होता.

आम्ही हसून हसून पडलो. मग मला माऊच्या बाबांचा पाय आठवला आणि माझं हसू आंबलं. इथे खुर्चीच्या पायासाठी सुतार हजर, आणि तिथे माणसाच्या पायाला साधा डॉक्टर नाही.

पाहुण्या मंत्री आल्या. उंच, पांढरे केस, चपला झिजलेल्या. मी फुलं दिली आणि त्यांच्या भाषेत “स्वागत” म्हटलं. त्या थबकल्या, खूश झाल्या, म्हणाल्या, “कुणी शिकवलं?” मी मागे उभ्या असलेल्या आईकडे बोट दाखवलं. आपले मंत्री मला म्हणाले, “शाब्बास,” आणि माझ्या पाठीवर थोपटलं. पाठीवर ओला ठसा उमटला असणार, मला तो जाणवत राहिला.

मग दारं बंद झाली. आई आत गेली. आम्ही बाहेर. बऱ्याच वेळाने आतून खानसामे ताटं घेऊन बाहेर आले. अर्धवट खाल्लेली बिस्किटं, एकेक घास तोडलेली. एका बशीत चघळून ठेवलेल्या संत्र्याच्या फोडींचा चोथा होता, नमुन्याच्या संत्र्यांचा. ज्याच्या त्याच्या दातांच्या खुणांसह. पेन्सिल असती तर तिथेच ओकली असती.

त्यानंतर पत्रकारांसमोरचं बोलणं. आम्हाला दोरीमागे उभं केलं. दोन झेंडे, दोन माईक, मध्ये जरा मागे आई. आई काळ्या कपड्यांत, केस घट्ट बांधलेले. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी शेजारच्या मुलीला कोपराने ढोसून म्हटलं, “ती माझी आई.”

आपले मंत्री बोलले: संत्री, शीतगृह, पूल, खांब. आई बोलली. तिचा आवाज नेहमीसारखा, धुतलेल्या काचेसारखा. मग मंत्र्यांनी चष्मा काढला, खोल श्वास घेतला, आणि थेट कॅमेऱ्यात बघून म्हणाले, “आपल्या अडकलेल्या खलाशांचा प्रश्न मी आजच्या बैठकीत अत्यंत ठामपणे मांडला. आपलं एकही माणूस आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही.”

मी उडी मारली! अक्षरशः, दोरी हलली. टेपकाकाने डोळे वटारले. मला माऊला फोन करायचा होता आणि फोन नव्हता. आईने ते वाक्य त्यांच्या भाषेत सांगितलं. ‘ठामपणे’ला तिने जो शब्द वापरला तो मला माहीत होता, घट्ट बसलेल्या झाकणाला वापरतात तो. पाहुण्या मंत्रीणबाईंनी शांतपणे मान हलवली. मग त्या म्हणाल्या की, सीमेच्या रेषेवरून आमचा देश तसूभरही मागे हटला नाही. आता आपल्या मंत्र्यांनी शांतपणे मान हलवली.

निरोपाला आम्ही पायऱ्यांवर रांगेत उभ्या होतो. पाहुण्या मंत्री माझ्यापाशी थांबल्या. त्यांच्या एका बाजूला आपले मंत्री, मागे आई. आणि मला राहवलं नाही. आंघोळीत घोकलेलं सगळं मी एका दमात बोलून टाकलं, त्यांच्या भाषेत:

“जहाजाबद्दल तुमचे खूप आभार. माझ्या मैत्रिणीचे बाबा त्यावर स्वयंपाकी आहेत. त्यांचा पाय सडतोय. ते घरी कधी येतील?”

त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. “कुठलं जहाज, बाळ?”

मला वाटलं, माझा उच्चार चुकला. मी पुन्हा सांगितलं, हाताने समुद्र दाखवला, नांगर दाखवला. “खलाशी. आत्ता आमचे साहेब म्हणाले ना, ठामपणे.”

“अच्छा, ते!” त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्या थोड्या वाकल्या आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या. “दुभाषीची मुलगी ना तू? तुला एव्हाना माहीत असायला हवं. ते तुमचं घरचं वाक्य होतं. प्रत्येकाला एक मिळतं, घरच्या लोकांसाठी. दुसऱ्याने ते खोडायचं नाही. माझंही होतं की, सीमेचं. सीमेचा विषय तरी कुठे निघाला?”

“म्हणजे विचारलंच नाही?”

“मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बघितलं असतं. तुमच्या मंत्र्यांनी सहीनिशी मागणी करायची, एवढंच तर असतं. त्या भंगाराला सांभाळून आमचेच लोक कंटाळलेत.” त्यांनी माझ्या गालाला हात लावला. त्यांचा हात कोरडा होता. “आजारी आहेत का ते? अरेरे.”

आणि आपले मंत्री, ज्यांना त्या भाषेतलं एक अक्षर कळत नाही, त्यांनी दोघींकडे बघत तेच तेल लावलेलं हसू हसत आईला विचारलं, “काय म्हणतेय आमची पोरगी?”

मी आईकडे पाहिलं. आई नेहमी सांगते, मी कुणाच्या वाक्यात शब्द घालत नाही आणि शब्द गाळत नाही. त्यासाठी तिला मान आहे. त्यासाठी मी कोपराने ढोसून सांगत होते, ती माझी आई.

“आभार मानतेय,” आई म्हणाली. त्याच धुतलेल्या आवाजात.

“गोड आहे,” मंत्री म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

मी दोन्ही हात पाठीमागे नेले. ते उगाच हसले, हात माझ्या डोक्यावर ठेवला, पुढे गेले. मी बघत राहिले. वळणावर तो हात मागे आला आणि त्यावर ओला रुमाल पडला.

*

गाडीत मी खिडकीबाहेर बघत होते आणि माझ्या केसांना हात लावायची मला हिंमत होत नव्हती. घरी आल्या आल्या मी न्हाणीघरात जाऊन डोकं धुतलं. दोनदा. तरी तो हात तिथेच.

बाबा दुकानातून आले तेव्हा टॉवेल गुंडाळून मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि आई मला पाठ करून कोबी चिरत होती.

“काय हो राजदूत, युद्ध की तह?” बाबांनी विचारलं. मग आमची तोंडं बघून त्यांनी पिशवी हळूच खाली ठेवली.

मी त्यांना सगळं सांगितलं, पायऱ्यांवरचं.

“आई, खरं आहे ना? त्याने विचारलंच नाही ना?”

“मंत्र्यांना अरेतुरे नको.”

“त्यांनी. विचारलंच नाही ना?”

“मी आतलं बोलत नाही, तुला माहितीये.”

“संत्र्यावरच्या बुरशीला काय म्हणतात ते मलासुद्धा पाठ झालंय, आई! खलाशी शब्द आठवडाभर तुझ्या तोंडात आला नाही. तुला आधीपासून माहीत होतं.”

सुरी थांबली. आई वळली. “काय माहीत होतं? विषय कुठले ठेवायचे ते मी ठरवत नाही. ते काय बोलतील ते मी ठरवत नाही. मी त्यांची जीभ आहे, बास. जिभेला मत नसतं.”

“मग आज कसं आलं? आज तू अख्खं वाक्य गाळलंस.”

आईच्या हातातला कोबी तसाच राहिला.

“तुझ्यासाठी गाळलं,” ती अगदी हळू म्हणाली. “सगळ्यांसमोर तू त्यांना खोटं पाडत होतीस आणि तुला ते कळतही नव्हतं. मी जसंच्या तसं सांगितलं असतं तर उद्या माझी नोकरी गेली असती आणि तुझ्या शाळेला फोन आला असता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाळलं मी. मला काय बरं वाटतंय का?”

बाबा मध्ये पडले. चष्मा पुसत पुसत, दुकानातल्या गिऱ्हाईकाला नंबर वाढलाय हे सांगतात त्या आवाजात. “हे बघ, मी काही आत नव्हतो. पण दुकानात चार माणसं बोलतात. समोरच्याकडे काही मागितलं की तो बदल्यात काही मागतो. यांना पुलाचं आणि संत्र्यांचं पदरात पाडून घ्यायचं असेल. खलाशांसाठी त्यातलं काही सोडायची तयारी नसेल. मंत्री एकटा कुठे ठरवतो? वरूनच तसं आलं असेल.”

“मग तसं सांगायचं! की आम्ही संत्री निवडली. दारात उभा आहे ना तो? घरात काय ठरलं ते बाहेर सांगतो म्हणे. घरातल्यांना काय सांगतो? घरातल्यांनाच फसवायचं, तेही झेंडा लावून, आणि शेजारच्या बाईंनी मान हलवायची!”

“ओरडू नकोस.”

“मला उलटी होईल नाहीतर.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. माऊ होती. तिच्यामागे कसला तरी धबधबा चालला होता.

“बघितलंस?” ती किंचाळली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा किंचाळत होती. “ठामपणे म्हणाले गं! आईने बाबांचे सगळे शर्ट धुवायला काढलेत. ऐकू येतंय का, मशीन चालूये. आणि ऐक ना, सोमवारी आम्ही सगळे मंत्रालयाच्या फाटकासमोर बसणार होतो ना, सगळ्या खलाशांच्या घरचे? ते रद्द केलं. आई म्हणाली, माणूस एवढं करतोय आणि आपण त्याच्याच दारात बसायचं, बरं दिसत नाही. सगळ्यांना पटलं. तुझ्यामुळे झालं हे! तू उभी राहिलीस म्हणून!”

मला या वर्षात पहिल्यांदा माझा आवाज सापडेना.

“बाबांचा पाय कसाय?” एवढंच विचारलं.

“फोन रविवारी. पण आता काय, येतीलच,” माऊ म्हणाली.

फोन स्पीकरवर नव्हता, पण माऊ किंचाळत होती आणि आमचं स्वयंपाकघर लहान आहे. आईने सगळं ऐकलं होतं. ती खुर्चीवर बसली. तिने काळे कपडे अजून बदलले नव्हते, आणि त्यांवर कोबीचा एक तुकडा चिकटला होता.

फाटकासमोरची माणसं. मला आत्ता कुठे कळलं की ते वाक्य नुसतं टीव्हीसाठी नव्हतं. ते फाटकासमोरची जागा रिकामी करायला होतं, आणि एका वाक्यात ती रिकामी झालीसुद्धा. आणि त्या वाक्याला जागा करून दिली होती मी, शाळेच्या सभागृहात, उभी राहून, छान आवाजात.

“माऊच्या आईला सांगू नकोस,” बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. “म्हणजे लगेच नको. आपण जरा विचार करू. आईची नोकरी…”

“आई, तुझी नोकरी कशाने जाईल?” मी विचारलं. “आतलं बाहेर सांगितलं तर. हो ना?”

आईने होकारार्थी मान हलवली.

“आणि पायऱ्या बाहेर होत्या.”

“ते तसं चालत नाही गं,” ती म्हणाली. “विचारतील, कुणाची मुलगी.”

“सांगीन. तुझीच आहे.” माझा आवाज परत आला होता. मी टॉवेल दाराच्या खिळ्याला अडकवला आणि चपला शोधायला लागले. “मग आता दोघंही ऐका. मी माऊकडे जातेय. त्या मंत्रीणबाई मला जे म्हणाल्या ते मी तिच्या आईला सांगणार आहे, जसंच्या तसं, एक शब्द न घालता, एक न गाळता. बैठकीतलं काही सांगणार नाही, मला ते माहीतच नाही. मी विचारलं होतं, मला उत्तर मिळालं, ते माझं आहे. मंत्र्यांची सही लागते म्हणाल्या, तर ती सही मागायला सोमवारी फाटकासमोर त्यांना बसावं लागेल, आणि मी त्यांच्याबरोबर बसणार आहे. ढोललाही नेते, तिच्याशिवाय आवाज व्हायचा नाही. आई, तू त्या फाटकातून आत जाशील तेव्हा माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल, मला समजेल. पण मी उठणार नाहीये. आणि बाबा, दाराला कडी नको लावूस. मी जेवायला घरीच आहे.”